दुसऱ्या हाताची पट्टी

पट्टी नाकारली. थर असमान. हात: दोन.

फ्लोरीने यंत्राच्या पत्र्यावर तळहात आपटला. यंत्राला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पातं वर गेलं, सरकता पट्टा उलटा फिरला आणि कापायला आत गेलेली नाताळपट्टी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी जशीच्या तशी बाहेर आली.

"परत आली का ग?" काउंटरपलीकडून ब्रिजित मावशींनी विचारलं. त्या कधीच्या स्टुलावर बसून होत्या.

"आली."

"मग हाताने काप ना. तुझे पप्पा कापायचेच की."

"पप्पा कापायचे तेव्हा तुम्ही ती पलीकडच्या आळीपर्यंत न्यायचात, मावशी. आता तुमच्या सुनेला ती दुबईत हवी असते."

"तिचं सोड. हा केक बघ. नातवाचं नाव आल्बर्ट. 'आ' केवढा मोठा आणि 'र्ट' वाचायला भिंग आणावं लागेल. मुंगी मरून पडल्यासारखा दिसतोय."

"जागा संपली असेल."

"जागा आहे. ही बघ, चार बोटं."

फ्लोरीने न बघताच पेटी बंद केली. मावशी उठता उठता म्हणाल्या, "तुझ्या ओट्यावर ताट ठेवून आलेय. नेवऱ्या आहेत, कलकल आहेत. मुंग्या लागायच्या आत खा."

फ्लोरीचा नवरा रेमंड जूनमध्ये गेला होता. दुःखाच्या घरात त्या वर्षी गोड करत नाहीत, शेजारी आणून देतात. त्यामुळे अख्ख्या वसईला गोड पुरवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या ओट्यावर दुसऱ्यांची ताटं जमत होती. आणि ती मात्र काळ्या झग्यावर पीठ माखलेला एप्रन बांधून एका यंत्राशी भांडत होती.

नाताळपट्टी म्हणजे खारीचे तीन पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये क्रीमचे दोन थर. खायला सोपी, कापायला वैरीण. सुरी दाबली की वरचा पापुद्रा फुटतो आणि खालची क्रीम कडेने पळ काढते. पप्पा ओल्या दोऱ्याने कापायचे, तरी बऱ्याचशा वेड्यावाकड्या होऊन घरच्याच पोटात जायच्या. म्हणून इतकी वर्षं ती गिरीज गावाची वेस ओलांडू शकली नव्हती.

ऑगस्टमध्ये यंत्र आलं. त्याचं पातं सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतं. थरथर इतकी बारीक, की डोळ्याला पातं स्थिरच दिसतं. क्रीमला चिकटायला सवड मिळत नाही, पापुद्र्याला दाब जाणवत नाही. तसं हे पातं जुनंच होतं, मोठ्या कारखान्यांत कधीपासून वापरात असलेलं. नवा होता तो त्याचा कान. कापण्याआधी पातं पट्टीला नुसतं टेकतं आणि एक हलकी थरथर आत सोडतं. ती पापुद्र्यातून वेगाने जाते, क्रीममधून रेंगाळत जाते आणि प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी मागे फिरते. परत आलेल्या या पडसादांवरून यंत्र पट्टीच्या पोटाचा नकाशा काढतं आणि प्रत्येक थराला पात्याची चाल बदलतं. त्या नकाशात आणखी एक गोष्ट दिसते, जी कोणी मागितली नव्हती. क्रीम पसरताना सुरीने उठवलेल्या लाटा. कुठला फटकारा किती लांब, कुठे दाब पडला, कुठे सुरी उचलली. माणसागणिक त्या लाटा वेगळ्या. त्यावरून यंत्र हात ओळखायला शिकलं आणि ज्या क्रमाने ते समोर आले त्या क्रमाने त्यांना आकडे दिले. ज्या पट्टीचा वरचा थर कापताना घसरेल असं त्याला वाटतं, ती ते कापतच नाही.

क्रीम पसरायचं यंत्रही बाजारात होतं, पण ते क्रीममधली हवा मारून टाकतं. म्हणून मच्याडो बेकरीत अजून दोन माणसंच क्रीम पसरत होती. एक फ्लोरी आणि दुसरा तिचा मोठा भाऊ डॉम्निक.

आणि हंगामातली पहिली पट्टी घरच्या लेकीने लावायची, हा मच्याडोंच्या घरचा आजोबांपासूनचा रिवाज. लहानपणापासून ती फ्लोरीच लावत आली होती. म्हणजे हात एक ती. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

हात दोन म्हणजे दादा.

पट्टी नाकारली. थर असमान. हात: दोन.

"मॅडम, यंत्र ठीक आहे," फ्लोरीच्या चष्म्याच्या काचेवर उमटलेली मृण्मयी म्हणाली. ती कंपनीची इंजिनिअर, पुण्यात बसून फ्लोरीच्या डोळ्यांनी यंत्राकडे बघत होती.

"मग काय, आम्ही बिघडलोय?"

"तसं नाही म्हणत मी."

"अहो, तेवीस डिसेंबर आहे आज. बाहेर रांग रस्त्याला लागलीय. तुमचं यंत्र तीनातली एक पट्टी तोंडावर फेकतंय. मला त्याचा हा कान कायमचा बंद करून द्या."

"करता येतो. पण मग नाकारलेल्या पट्ट्याही ते कापेल आणि डब्यात भरेपर्यंत वरचा पापुद्रा क्रीमवरून सरकलेला असेल. तुमच्या नावाने जाईल तो डबा."

कान बंद करून एक पट्टी सकाळीच फ्लोरीने कापून पाहिली होती. सगळे तुकडे जत्रेतल्या दारुड्यासारखे एका बाजूला कलले होते.

"मॅडम, एक विचारू? तुमच्याकडे हात दोन कोण आहे?"

"तुम्हाला दिसत नाही?"

"आम्हाला नुसते आकडे दिसतात. नावं तुमची तुम्हाला ठाऊक."

"माझा भाऊ. का?"

मृण्मयीने मान वळवून मागे कोणी आहे का ते पाहिलं. मग आवाज उतरवला. "हे सांगायची आम्हाला परवानगी नाही. आम्ही पट्ट्यांबद्दल बोलायचं, माणसांबद्दल नाही. पण त्यांचे फटकारे बघा. थर सुरू होतो तेव्हा वीतभर असतात. पुढे पुढे आखूड होत जातात आणि दुसऱ्या टोकाला बोटभर उरतात. नवीन थर घेतला की परत वीतभर, परत बोटभर."

"दमत असेल. साठी उलटलीय त्याची."

"दमलेला माणूस संध्याकाळी बिघडतो. हे सकाळच्या पहिल्या पट्टीतही आहे आणि सप्टेंबरपासून वाढत आलंय. आपण तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो, तेव्हा ती केवढी करायची ते मेंदू ठरवतो. काही आजारांत ते माप हळूहळू लहान होत जातं. हात कापतोच असं नाही. अक्षर बारीक होतं, पावलं छोटी पडतात. आणि त्या माणसाला स्वतःला पत्ता नसतो. त्याला वाटतं, आपण नेहमीएवढाच हात फिरवला. आमच्या यंत्रावर हे आणखी दोन ठिकाणी दिसलं होतं. मी डॉक्टर नाही. पण त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जा."

"सणात?"

"सणानंतर. पण जा. आणि मी हे बोलले नाही."

काच मोकळी झाली. पलीकडे पुन्हा रांग दिसायला लागली, आणि रांगेतला पहिला माणूस हाताने 'किती वेळ' अशी खूण करत होता.

पट्टी नाकारली. थर असमान. हात: दोन.

डॉम्निक क्रीमच्या टेबलापाशी शीळ घालत उभा होता. दोघं एकाच टेबलावर समोरासमोर पट्ट्या लावत आणि एकाच थंड कपाटात सरकवत. कुठली कोणाची, हे कोणी बघत नसे.

"तुझ्या त्या डब्याला सांग," तो म्हणाला, "हे दुकान मच्याडोंचं आहे. त्याच्या बापाचं नाही."

"सुरी खाली ठेव, दादा."

"का?"

"ठेव म्हणते ना."

मग तिने सांगितलं. सांगायचं होतं हळू, पण बाहेरून कोणीतरी घंटी वाजवत होतं आणि ओव्हन बोंबलत होता, त्यामुळे ओरडून सांगितलं. हात दोन म्हणजे तू. तुझे फटकारे आखूड होतात. वीतभर, मग बोटभर. अक्षर बारीक होतं. मेंदूचं काहीतरी असेल. तुला कळत नाही, ज्याचं त्याला कळतच नाही. आणि तू इथे शिळा घालतोयस.

डॉम्निकची शीळ थांबली.

हा माणूस लग्नात जेवणाची पंगत चुकली म्हणून वाद्यवाल्यांशी भांडलेला. यंत्र आलं त्या दिवशी त्याने त्याला दारातून आत घेताना शिव्या मोजून घातल्या होत्या. फ्लोरी त्याच्या आवाजासाठी तयार होऊन उभी होती. त्याने नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. मग मागच्या फळीवर मांडलेल्या केकांकडे, ज्यांच्यावर तिने सकाळी नावं घातली होती.

"हात दोन म्हणाली ती कंपनीची बाई?"

"हो. दोन."

"बरं." त्याने सुरी फडक्याने पुसली आणि तिच्या बाजूला ठेवली. "असेल."

"असेल काय? भांड की."

"काय भांडू? यंत्र म्हणतंय."

"उगाच शहाण्यासारखा वागू नकोस. तुझ्या भल्यासाठी सांगतेय. सण झाला की डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ. दोघं जाऊ."

"दोघं कशाला? मला वेळ कुठाय? वहिनीला घेऊन जा."

"तेही खरं," डॉम्निक म्हणाला. "मी ट्रे धुतो. बाहेर ढीग पडलाय." आणि दारातून बाहेर जाताना चौकटीवर एक थाप मारून गेला, जशी तो सुट्टीच्या दिवशी मारायचा. फ्लोरीला त्या थापेचाच सगळ्यात जास्त राग आला.

पट्टी स्वीकारली. हात: एक.

पट्टी स्वीकारली. हात: एक.

बघितलं? दादाला हटवलं आणि सगळं सुरळीत झालं. पातं खाली उतरत होतं, निघत होतं, उतरत होतं. तुकडे कात्रीने कापलेल्या कागदासारखे स्वच्छ. डबे भरले, रांग पुढे सरकली. फ्लोरी एकटी क्रीम पसरत होती, एकटीच कपाटातून पट्ट्या यंत्रात घालत होती आणि मनातल्या मनात भावाशी भांडत होती. इतका हट्टी माणूस 'असेल' म्हणतो. म्हणजे त्याला आधीच ठाऊक असणार. ठाऊक होतं तर बोलला का नाही? वहिनीने तरी सांगायचं. या घरात कोणी कोणाला वेळेवर काही सांगत नाही. रेमंडनेही छातीतलं दुखणं असंच लपवलं होतं.

थंड कपाटाच्या तळाशी दादा जायच्या आधीच्या पट्ट्या होत्या, त्या संपल्या. आता आत फक्त तिने एकटीने लावलेल्या होत्या.

पट्टी नाकारली. हात: दोन.

"दोन कुठला आता?" ती यंत्राला म्हणाली. "दोन बाहेर भांडी घासतोय."

तिने दुसरी घातली.

पट्टी नाकारली. हात: दोन.

तिसरी. नाकारली. तिने पात्याखालची काच पुसली, यंत्र बंद करून सुरू केलं, चौथी घातली. तीही परत आली. बाहेर कोणीतरी मोठ्याने म्हणालं, दरवर्षी यांचं हेच. फ्लोरीने कान बंद करायचं बटण शोधायला हात पुढे नेला आणि तो तिथेच राहिला.

ऑगस्ट.

यंत्र बसवायला आलेला मुलगा विचारत होता, पहिली पट्टी कोण लावणार? आणि ती दाराशी उभी होती, काळ्या झग्यात. रेमंडला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. दुःखातल्या बाईने गोडाची सुरुवात कशी करायची? तिनेच म्हटलं होतं, दादा, या वर्षी तू लाव.

त्याने लावली. तिने दुसरी लावली.

तिने परत आलेल्या पट्टीचा वरचा पापुद्रा नखाने उचलला. खाली क्रीमच्या लाटा होत्या. डाव्या टोकाला लांब, ऐटीत. मध्यावर आखूड. उजव्या टोकाला इतक्या बारीक, की लाटा म्हणवत नव्हत्या.

तिला वाटलं होतं, आपण नेहमीएवढाच हात फिरवतोय. अजूनही वाटत होतं.

आल्बर्टचा 'र्ट'.

पट्टी नाकारली. हात: दोन.

डॉम्निक विहिरीच्या कट्ट्यावर बसून ट्रे घासत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"ऑगस्टमध्ये पहिली पट्टी कोणी लावली?"

त्याने ट्रे उलटा केला. "आठवलं वाटतं."

"तुला मघाशीच ठाऊक होतं."

"तू बोललीस तेव्हा कळलं. केकांवरची अक्षरं तर महिनाभर बघतोय. म्हटलं, चष्मा बदलायला झालाय तुझा."

"मग गप्प का बसलास? मी काय काय बोलले तुला."

"नेहमीच बोलतेस."

"दादा."

"काय सांगू, बाय? बाहेर रांग, घरात दुःख. म्हटलं, नाताळ होऊन जाऊ दे. दोन दिवस मी आजारी राहतो. माझं काय, माझी तब्येत चांगली आहे."

"माझा आजार आहे तो. तू कशाला घेतलास?"

"परत देतोय ना."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने त्याच्या हातातला ट्रे हिसकावला आणि विहिरीच्या दगडावर आदळला. एकदा, दोनदा. मग त्याच ट्रेवर बसली.

"कापत नाही रे," ती हात समोर धरून म्हणाली. "बघ. कुठे कापतोय?"

"नाही कापत."

"मग?"

त्याने एप्रनला हात पुसले, तिच्या कोपराला धरून तिला उठवलं आणि म्हणाला, "चल. लोक शिव्या घालतायत."

पट्टी स्वीकारली. हात: एक.

डॉम्निक क्रीम पसरत होता, फ्लोरी यंत्रापाशी उभी होती. रांगेतल्या माणसाने विचारलं, एवढा उशीर कशामुळे? ती म्हणाली, माझ्या हातामुळे. त्याला वाटलं भाजलं असेल. तो म्हणाला, बर्फ लावा.

नाकारलेल्या पट्ट्या डॉम्निकने पप्पांच्या ओल्या दोऱ्याने कापल्या. वेड्यावाकड्या झाल्या. एक ताट भरून त्याने झाकून बाजूला ठेवलं.

"हे कोणाचं?"

"दुःखाच्या घरचं."

"माझीच पट्टी मला?"

"मी देतोय. तू कुठे करतेयस?"

हात दोन सतत नाकारला जात आहे. हात दोन वगळू? हो. नाही.

तिने 'नाही' दाबलं, टेबलाशी गेली आणि भावाच्या शेजारी उभी राहून स्वतःची एक पट्टी लावली. यंत्रात घातली. परत आली.

हात दोन वगळू? हो. नाही.

"दर वेळेला विचारणार ते," डॉम्निक म्हणाला.

"विचारू दे."

हात दोन वगळू? हो. नाही.

या वेळी बोट पोचायला जरा उशीर झाला. पण पोचलं 'नाही'वरच.